पाना, पाळणा आणि कुंडी

चिमीच्या आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर एक जुना लॅपटॉप बसवलेला होता. पडदा तडकलेला, दोन बटणं गायब, आणि पाठीवर दिराच्या अक्षरात चिकटवलेला कागद: ‘हात लावू नये. आत एकसष्ट आया आहेत.’

आया खरोखरच होत्या. चिमी पोटात असताना तिची आई एका बड्या ऑनलाइन ग्रुपवर जायची. तिथे तिने एकदा नुसतं ‘मळमळतंय’ असं लिहिलं, तर पुढचा महिनाभर बाबागाड्या, लंगोट आणि आयुर्विम्याच्या जाहिरातींनी तिचा फोनच मळमळायला लागला. दीर यंत्रांतला माणूस. तो म्हणाला, "वहिनी, दुसऱ्याच्या इमारतीत उपऱ्यासारखं कशाला राहायचं? आपलं आपण घर बांधू." आणि एका रविवारी अडगळीतला हा लॅपटॉप पुसूनबिसून त्याने ते बांधलंसुद्धा. घराचं नाव ठेवलं पाळणा.

"पण आम्ही पाळण्यातल्या पाळण्यातच बोलायचं का?" तिने विचारलं होतं.

"छे! अशी हजारो घरं आहेत. नळवाले, वीजवाले आणि सुतार मिळून एक चालवतात, त्याचं नाव पाना. झाडंवेड्यांचं एक आहे, कुंडी. प्रत्येक घराची चावी ज्याची त्याच्याकडे, नियम ज्याचे त्याचे, आणि घराघरांत तारा ओढलेल्या. तुम्ही पाळण्यात बसून कुंडीतल्या माणसाशी बोलू शकता. मधे मालक कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हणजे? मग लक्ष कोण ठेवतं?"

"तुम्ही," दीर म्हणाला आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघून गेला.

माणूस मात्र त्याने नेमका हेरला होता. चिमीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्याला ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक कळतोय की तो अंदाजाने ठोकून देतोय हे ती आवाजावरून ओळखायची. त्यात आई झाल्यापासून तर तिच्या नजरेला धारच चढली होती. खेळण्यातला प्रत्येक स्क्रू तिच्या माहितीतला होता. गॅलरीचा गज आणि चिमीचं डोकं यांची मापं तिने दोनदा घेतली होती. पाळण्यातही कुणी ‘तापात हे औषध द्या’ असं ठोकून दिलं की दोन मिनिटांत तिचा निरोप येई: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथे औषधं सुचवू नयेत. पोस्ट काढली आहे.’ आया तिला मनातून जरा भीत. गुंडूची आई तेवढी भीत नसे, कारण ती नर्स होती आणि कुणालाच भीत नसे.

तर हकीकत अशी की चिमी सात महिन्यांची झाली आणि आईची रजा संपत आली. दुकानाच्या मालकाने स्पष्टच सांगितलं होतं, "सोमवारी ये. नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो. लोक माझ्याकडे येऊन पाटी वाचतात आणि मलाच विचारतात, बरोबर वाचलं का?" घरात दिवसा सांभाळायला कुणी नव्हतं. चिमीचा बाबा पहाटे बस काढायचा तो दुपार टळल्यावर परतायचा. सासू सरकारी बागेत देखरेखीला होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि ती दोन वर्षं तिला सोन्यासारखी वाटत होती.

राहता राहिलं मावशींचं पाळणाघर. दोन गल्ल्या सोडून, दहा मुलं, अकराव्याला जागा नाही. मावशींचा दंडक कडक होता: दार वाजवायचं नाही, फोन करायचा नाही, कारण झोपलेलं एक मूल उठलं की दहा उठतात. जे काय असेल ते त्या नेटवर लिहीत. गेल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘एक जागा रिकामी होतेय. बुधवार-गुरुवारकडे कळवते.’

त्या ओळीवर चिमीच्या आईचा सोमवार टांगलेला होता.

मंगळवारी दुपारी तिने पाळण्यावर चिमीचा एक फोटो टाकला. तोंडात बाटली, कपाळावर आठ्या. खाली लिहिलं, ‘दूध पिते आणि तासभर रडते. कुणाला अनुभव?’ आयांनी नेहमीप्रमाणे वीसेक उपाय सुचवले. आणि त्यांच्या खाली एक ओळ उगवली:

‘वाल्व उलटा आहे. पोटात हवा जाणार.’

लिहिणाऱ्याचं नाव होतं गळतीवाला. फोटोत जाड मिशा.

चिमीच्या आईच्या हातातला चमचा हातातच राहिला. मिशा! पाळण्यात! आपल्या लेकीचा फोटो, तिचं पोट, आणि कोण कुठला हा गळतीवाला! तिने त्याच्या नावावर बोट ठेवलं. माणूस पाना नावाच्या घरातला निघाला. तिने पान्याचं दार ढकललं, तर आत मिशाच मिशा. एकाचं नाव तुंबलेला, एकाचं फ्यूज, एकाचं रंधा. एकाने नुसत्या उघड्या गटाराचा फोटो टाकून ‘आजचं यश’ असं लिहिलं होतं, आणि त्याला चाळीस जणांनी दाद दिली होती.

एकट्या गळतीवाल्याला बंद करणं हे एका बटणाचं काम होतं. पण ज्या घरात एक असा, तिथे बाकीचे काय सोवळे असणार? तिने देखरेखीचं पान काढलं आणि ‘पूर्ण घर बंद करा’ या बटणावर बोट नेलं.

यंत्राने सभ्यपणे चौकट पुढे केली: ‘असं केल्यास सत्तेचाळीस जोडण्या तुटतील. त्या आपोआप परत येणार नाहीत. नक्की?’

सत्तेचाळीस! तिच्या अंगावर काटाच आला. म्हणजे सत्तेचाळीस मिशा आजवर आपल्या आयांच्या मागावर होत्या, आणि आपण इथे डोळ्यांत तेल घालून बसलोय अशा समजुतीत गाफील! तिने ‘नक्की’ एवढ्या जोरात दाबलं की मांडीवरची चिमी दचकली.

पाना संपला. मिशा गेल्या. चिमीच्या आईला फार बरं वाटलं. फरशी पुसल्यावर वाटतं तसं.

बुधवार उजाडला. मावशींचं काही आलं नाही. तिने सकाळपासून फोन इतक्या वेळा खाली ओढून पाहिला की अंगठा दुखायला लागला. दुपारी तिने पाळण्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मावशींचं काही कळलं का गं कुणाला?’

‘नाही बाई,’ जुळ्यांच्या आईने लिहिलं. ही वाचनालयात काम करायची. ‘मी पण वाट बघतेय.’

‘विसरल्या असतील,’ बटाट्याची आई म्हणाली. बटाटा जन्मतः तसा दिसायचा, आता सुधारला होता, पण नाव राहिलं. त्याची आई केस कापायच्या दुकानात होती.

‘मावशी विसरत नाहीत,’ गुंडूच्या आईने लिहिलं. ‘गुंडू एकदा त्यांच्याकडे एक तास होता, तर अजून त्याची टोपी कुठली ते सांगतात.’

गुरुवारी सासूची सुट्टी असे. सकाळी दहाच्या सुमाराला ती खिडकीपाशी पाय वर घेऊन, नाकावर चष्मा आणि हातात फोन घेऊन बसली होती. सासू कुंडीवर होती. नुसती होती असं नाही, कुंडीचा कारभारच ती पाहायची. पाळणा उघडला तेव्हा दिराने तिला आग्रह केला होता, तर ती म्हणाली होती, "सुनेच्या हाताखाली मी? उद्या चुकून काही लिहिलं तर मला नोटीस यायची. त्यापेक्षा माझी माझी कुंडी बरी." आता एकाच खोलीत, चार हातांवर, दोघी दोन वेगवेगळ्या घरांतून एकमेकींना ‘शुभ सकाळ’ घालत.

"काय गं," सासू फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "तू त्या मावशींकडे चिमीचं नाव नाही दिलंस?"

"त्यांनी अजून कळवलंच नाही ना, आई."

"कळवलं नाही कसं? काल सकाळी आठला लिहिलंय की. आज बारापर्यंत नावं द्यायची. अकरा जणांनी दिलीसुद्धा."

चिमीच्या आईच्या हातून भाकरीचं पीठ मळायचं राहिलं. पिठाळ हातांनीच ती धावली. "बघू!"

"हात पूस आधी."

तिने हात पुसले, फोन घेतला, पाहिलं. खरंच होतं. मावशींची भलीमोठी पोस्ट: जागा एक. मुलाचं वय, गल्ली, तुमच्या कामाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी लिहा. गुरुवारी बारा वाजता निकाल. खाली अकरा नावं. आणि वर, मावशींच्या नावापुढे, बारक्या अक्षरात, जिथे माणसाच्या घराचं नाव असतं तिथे लिहिलेलं: पाना.

तिने चष्मा नसलेल्या गिऱ्हाइकासारखे डोळे बारीक केले. पाना. पुन्हा पाहिलं. पानाच.

"मावशी पान्यावर काय करतायत?" तिचा आवाज चिरकला.

"राहतात," सासू म्हणाली. "त्यांचे यजमान नळ दुरुस्त करतात ना? तो पाना त्यांनीच तर काढलाय. बायकोला खातंही त्यांनीच उघडून दिलं. दुसरीकडे कुठे उघडतील?"

दोन दिवसांत पहिल्यांदा चिमीच्या आईच्या डोक्यात सत्तेचाळीस हा आकडा सरळ बसला. त्या मिशा नव्हत्याच. त्या आपल्याच आया होत्या. सत्तेचाळीस आया मावशींना जोडलेल्या होत्या, आणि तिने एका दणक्यात सगळ्यांच्या तारा कापल्या होत्या. नाव वाचलं होतं. नावापुढचं घर वाचलंच नव्हतं. आणि ही बाई लोकांचे डोळे तपासते!

तिने गॅलरीत जाऊन दिराला फोन लावला.

"भावजी, मी पाना बंद केलाय."

"अरे वा, का?"

"मिशा होत्या."

दीर म्हणाला, "पण वहिनी, मग मावशी?"

"तेच तर! पण मी बंद केलंय तर आईंना कशा दिसतात?"

"तुम्ही काय जग बंद केलंत का? आपल्या फ्रिजवरून पान्याला जाणारी तार कापलीत, एवढंच. आईच्या कुंडीची तार आहे तशीच आहे. ते आईचं घर, तिथे तुमचं बटण चालत नाही."

"मग आता उघडू?"

"उघडा की. पण जोडण्या परत येणार नाहीत. यंत्राने सांगितलं असेल तसं. सत्तेचाळीस जणींनी आपापली तार नव्याने मागायची, आणि मावशींनी एकेकीला हाताने ‘हो’ म्हणायचं. त्या मुलं झोपेपर्यंत फोन ड्रॉवरमध्ये ठेवतात."

"म्हणजे सगळ्यांना सांगावं लागणार."

"काय?"

"मी काय केलं ते."

"ते तर लागेलच," दीर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तो हसू दाबतोय हे तिला स्पष्ट कळलं. ओळखणं हा तिचा धंदाच होता.

साडेदहा झाले. आत चिमी रांगत सासूच्या पायाशी जाऊन तिची चप्पल चाखत होती. चिमीच्या आईने चप्पल काढून घेतली आणि सासूसमोर बसली.

"आई, तुमच्या फोनवरून मी नाव देऊ चिमीचं?"

"माझ्या नावाने?" सासूने फोन छातीशी धरला. "आणि लोक काय म्हणतील? ‘मूल सात महिन्यांचं आहे’ असं मी लिहायचं? कुंडीत सगळ्या माझ्या वयाच्या आहेत. या वयात हिला बाळ झालं म्हणून अभिनंदनाचा पाऊस पडेल!"

"मग मला कुंडीत खातं द्या."

सासूने चष्म्यावरून पाहिलं. "अर्ज कर."

"आई!"

"सगळेच करतात. तुझ्या पाळण्यात अर्ज नाही? बारा प्रश्न आहेत, मी पाहिलेत. माझे दोनच आहेत."

त्याच कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसून चिमीच्या आईने कुंडीचा अर्ज उघडला. पहिला प्रश्न: घरी कुंड्या किती, आणि शेवटचं रोप कशाने मेलं? दुसरा: इथे का यायचं आहे?

तिने लिहिलं, ‘तीन कुंड्या. एकही मेलं नाही. झाडांची आवड.’ पाठवलं. सासूचा फोन वाजला. सासूने वाचलं, मान वळवून खिडकीतल्या, दोन महिन्यांपूर्वी सुनेने न्हाऊ घालून मारलेल्या तुळतुळीत काटक्यांकडे पाहिलं आणि बटण दाबलं. सुनेच्या फोनवर उत्तर आलं: ‘आपला अर्ज नामंजूर झाला आहे. खरी माहिती लिहून पुन्हा प्रयत्न करावा. व्यवस्थापक, कुंडी.’

"आई, वेळ नाहीये हो!"

"मग खोटं लिहिण्यात कशाला घालवलास?"

तिने दुसऱ्यांदा लिहिलं, दात-ओठ खात, धडाधड: ‘एक रोप मेलं, जास्त पाण्याने. पाळण्यातून मी पाना बंद केला म्हणून मावशींची पोस्ट दिसत नाही. सोमवारी मला कामावर जायचंय. चिमीसाठी जागा हवी.’

सासूने वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तुझ्या त्या बाकीच्या आयांना हे ठाऊकच नाही?"

चिमीच्या आईने चिमीच्या नाकाला काहीही झालेलं नसताना ते पुसलं.

"मंजूर," सासू म्हणाली आणि बटण दाबलं.

दहा बावन्नला चिमीच्या आईने कुंडीच्या खिडकीतून मावशींच्या पोस्टखाली बारावं नाव टाकलं: वय सात महिने, भाजीगल्ली, नऊ ते चार, सुट्टी बुधवार. मग तिने वरची अकरा नावं वाचून काढली. पाळण्यातलं एकही नाही. बारात एक. गुंडूची आई या यादीत असती, जुळ्यांची आई असती, तर? जुळ्यांच्या आईचीही रजा सोमवारीच संपत होती. तिने ते पाळण्यावर तीनदा लिहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा चिमीच्या आईनेच ‘काळजी नको गं, होईल काहीतरी’ असं उत्तर दिलं होतं.

बारात एकची ती संधी तिने चार मिनिटं उपभोगली. मग फ्रिजपाशी गेली, पाना उघडला आणि पाळण्यावर लिहिलं: ‘काही तांत्रिक कारणामुळे पान्याशी संपर्क खंडित झाला होता. तो आता पूर्ववत झाला आहे.’

पाठवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. हे वाक्य तर बस बंद पडली की फलाटावर ऐकू येतं! मिनिटाच्या आत तिने ते पुसलं आणि दुसरं लिहिलं: ‘बायांनो, मंगळवारी मी घाबरून अख्खा पाना बंद केला. मावशी पान्यावर राहतात हे मी पाहिलंच नाही. त्यामुळे तुम्हा सत्तेचाळीस जणींना त्यांचं काही दिसत नाहीये. एक जागा आहे, नावं बारापर्यंत. पोस्टचा पत्ता खाली दिलाय, तो शोधायच्या चौकटीत टाका म्हणजे ती उघडेल. चूक माझी आहे.’

"अगं," कोचावरून सासूचा आवाज आला, "इथे दोन्ही दिसतायत."

"काय दोन्ही?"

"एकात दोष यंत्राचा आहे आणि दुसऱ्यात तुझा."

"पहिलं मी पुसलं, आई!"

"तू तुझ्याकडचं पुसलंस. माझ्या घरी आलेलं पत्र मी ठेवायचं की फाडायचं? पुसल्याचा निरोप येईल तेव्हा ते जाईल. बहुतेक वाटेत असेल." सासूने फोन किंचित लांब धरला. "खालचं चांगलं लिहिलंयस पण."

पाळण्यात आता एकच गलका उडाला. सव्वाअकराला सगळ्या आया एका वेळी टाइप करत होत्या. चिमीच्या आईने डोळ्यांवर अर्धे हात ठेवून वाचलं.

‘अगं बाई, मी दोन दिवस मावशींवर रागावून होते!’

‘माझ्या नवऱ्याशी मी याच्यावरून भांडले, आता त्याला सॉरी म्हणू का?’

‘नको म्हणू.’

आणि मग गुंडूची आई: ‘मी ती यादी उघडली. तुझं नाव तिथे दहा बावन्नला आहे. माफीनामा अकरा सहाला. मधली चौदा मिनिटं कुठे होतीस, चिमीची आई?’

ही बाई नर्स होती. औषधाची वेळ आणि दिल्याची वेळ, दोन्ही लिहायची तिला सवय.

चिमीच्या आईने खूप विचार केला आणि खरं तेच लिहिलं: ‘मोहात.’

गुंडूच्या आईने हसण्याची आठ चिन्हं पाठवली आणि लिहिलं, ‘मी तासभर राहिले असते.’

तेवढ्यात निराळ्या घरातून एक निरोप आला. गळतीवाला. ‘ताई, पाना पुन्हा जोडल्याबद्दल आभार. आमचं काही चुकलं होतं का? मंडळ विचारतंय. मंडळी म्हणजे बायको, तुमच्या मावशी, त्यासुद्धा विचारतायत.’

आता काय सांगायचं? की तुमच्या मिशा पाहून? तिने लिहिलं, ‘काका, तुमच्या वाल्वच्या ओळीचा मी भलताच अर्थ घेतला.’

‘ओळ बाटलीबद्दल होती,’ काकांनी लिहिलं. ‘बुचाच्या आत रबरी पडदा असतो, त्याची फुगीर बाजू आत पाहिजे. फोटोत बाहेर आहे. बायकोने फोटो पुढे पाठवला म्हणून दिसला. आम्ही दिवसभर वाल्वच बघतो, दुसरं काही दिसतच नाही.’

तिने बाटली उघडली. रबरी पडदा उलटा होता. दोन महिने, दिवसाला पाच वेळा, तिने स्वतः उकळून, पुसून, काळजीपूर्वक उलटा बसवला होता. तिने तो सुलटा केला आणि चिमीला दूध पाजलं. चिमी प्यायली, ढेकर दिली आणि काही तक्रार आहे का हे आठवत बसली. तिला आठवलं नाही.

बारा वाजता मावशींच्या पोस्टखाली चौतीस नावं होती. बारा वाजून पाच मिनिटांनी मावशींनी लिहिलं: ‘चौतीस नावं आली. मी झोपलेल्या मुलांच्या मधे बसून चिठ्ठी काढली. जागा बेकरीवाल्यांच्या मुलाला. बाकीच्यांनी राग मानू नये आणि दार वाजवू नये.’

संपलं. चिमीच्या आईने फोन पालथा ठेवला. सोमवार पुन्हा रिकामा, आणि आता त्याला टांगायलाही काही उरलं नव्हतं. सासूने तिच्यापुढे चहा ठेवला आणि चिमीला उचलून गॅलरीत नेलं, म्हणजे सुनेला हवं तर रडता यावं.

ती रडली नाही, कारण तिला मधेच कसलीतरी टोचणी लागली. तिने फोन सुलटा केला आणि ती यादी पुन्हा उघडली. या वेळी ती पाटी वाचतात तशी वाचली, वरून खाली, एकही अक्षर न गाळता. नाव, नावापुढचं घर, वय, गल्ली, वेळ, सुट्टी. गुंडूची आई, दवाखान्यामागची गल्ली, सुट्टी सोमवार. बटाट्याची आई, भाजीगल्ली, केस कापायचं दुकान मंगळवारी बंद. स्वतःचं, बुधवार. जुळ्यांची आई, वाचनालय शुक्रवारी बंद, घर पुलाच्या अलीकडे.

ही माहिती पाळण्यात कधी कुणी लिहिलीच नव्हती. तिथे आया फक्त तापमानं लिहीत. मावशींनी विचारलं म्हणून ती एका ठिकाणी आली होती.

"आई," तिने गॅलरीकडे हाक मारली, "एकीच्याच घरी दहा मुलं कशाला हवीत?"

"मला काय विचारतेस? माझ्याकडे एकच आहे आणि ती माझे केस ओढतेय."

"सोमवारी गुंडूच्या आईकडे, मंगळवारी बटाट्याकडे, बुधवारी आपल्याकडे, शुक्रवारी जुळ्यांकडे. जिची सुट्टी तिच्या घरी पाचही मुलं. फक्त गुरुवार अडतोय."

सासू आत आली. "गुरुवारी माझी सुट्टी असते," ती म्हणाली, आणि बोलल्याबरोबर आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं. "पाच? एकदम?"

"तुम्ही बागेत दोनशे कुंड्या सांभाळता."

"कुंड्या रांगत नाहीत!" पण तिने चिमीला दुसऱ्या काखेत घेतलं, आणि जरा वेळाने म्हणाली, "माझ्या घरात माझे नियम. कुठल्या आईने मला फोन करून ‘काय करतोय’ विचारलेलं चालणार नाही."

त्या चौघींचा करार व्हायला पूर्ण दीड दिवस गेला. प्रत्येक घराचा नियम निराळा निघाला. गुंडूच्या आईकडे वेळेवर झोप, नाही म्हणजे नाही. बटाट्याच्या आईकडे टीव्ही चालू राहणार, कारण तिला तो लागतो. चिमीच्या आईने अठरा कलमांची यादी पाठवली, तर तिघींनी मिळून तिची चार केली. तीसुद्धा उपकार म्हणून. शनिवार-रविवारचं भांडण मिटलं नाही. ते दोन दिवस बापांनी बघावेत असं ठरलं आणि बापांना अजून कळवायचं होतं.

सोमवारी सकाळी साडेआठला चिमीची आई दवाखान्यामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर उभी होती. एका हातात चिमी, दुसऱ्यात एवढी मोठी पिशवी की तेवढ्या सामानात चिमीचा बाबा आठवडाभर गावाला गेला असता. गुंडूच्या आईने दार उघडलं. मागे सतरंजीवर गुंडू, बटाटा आणि दोन जुळी बसली होती. त्यातल्या एकाच्या तोंडात दुसऱ्याचा मोजा होता.

"तो मोजा," चिमीची आई म्हणाली.

"पाहिलाय."

"खिडकीला जाळी—"

"आहे. दे इकडे."

तिने चिमी दिली. वाटेत तिने मनाशी सगळी तयारी केली होती: चिमी रडेल, पदराला लोंबकळेल, आपण मागे वळून न बघता निघायचं, जिन्यात डोळे पुसायचे. चिमीने गुंडूच्या आईच्या नाकाला हात लावून पाहिला. मग सतरंजीकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, आणि खाली उतरायला दोन्ही पाय झाडायला लागली. आईकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"रडत नाहीये," चिमीची आई म्हणाली.

"हो."

"थोडंसुद्धा नाही."

"तुला हवंय का?" गुंडूच्या आईने विचारलं. "मी एकाला चिमटा काढते, तेवढ्यात तू जा."

चिमीची आई एकटी जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर थांबून तिने कान दिला. वरून कुणीतरी खिदळत होतं, आणि ते खिदळणं तिच्या ओळखीचं होतं. तिला फार राग आला. मग घड्याळात पाहिलं तर नऊला दहा कमी, आणि ती उरलेला जिना धावत उतरली.